नरोलीच्या कारखान्यातला कानबाईचा रविवार

दोंडाईच्याजवळच्या गावाहून चिंधा वापीजवळच्या नरोलीच्या धाग्याच्या कारखान्यात आला, त्याला सोळा वर्षं झाली. आधी धाग्याचे बॉबिन उचलायचा, मग मशीनवर उभा राहिला, आता चाळीस माणसांचा सुपरवायझर आहे. बायको मनीषा आणि आई गावीच. सुपरवायझर झाला तेव्हा गावात पेढे वाटले गेले खरे, पण त्या पेढ्यांनंतर पाच श्रावण गेले आणि कानबाईला त्याचं घरी जाणं एकदाही झालं नाही.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, पातळ, गळ्यात हार. घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू काढून रोट करतात आणि तो भाऊबंदांनी एका पंगतीत बसून खायचा असतो. सोमवारी सकाळी गाणी म्हणत तिला नदीवर पोचवायचं. दिवाळी चुकली तर घरचे रागावतात. कानबाई चुकली तर रागावत नाहीत, गप्प होतात.

आता ही ओढ काही एकट्या चिंधाची नव्हती. त्याच्या हाताखाली सतरा माणसं खानदेशातली. मागच्या वर्षी त्यातली अकरा जणं नेमकी त्याच रविवारी आजारी पडली. अकराही दाखले एकाच डॉक्टरांचे आणि अकराही जणांना ‘ताप व अंगदुखी’. दोन दिवस मशीन थंड पडल्या. मॅनेजर कौस्तुभसाहेब पुण्याचे, आवाज चढवत नाहीत, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागतं.

“चिंधाभाऊ, तुमच्याकडचा ताप वार बघून येतो का हो?”

यंदा आषाढातच साहेबांनी सांगून टाकलं, त्या आठवड्यात कुणाला रजा नाही, न विचारता गेला तो कामावरून गेला. “तुम्हाला दुसरा मार्ग सुचत असेल तर सांगा. ऐकायला मी बसलोय.”

त्याच संध्याकाळी आईचा फोन. “औंदा तरी येशी ना रे भाऊ?”

“बघतो, माय.”

“दर साल देखसच तू,” ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

मार्ग सुचला तो चहाच्या सुट्टीत, तोही पप्पूच्या तोंडून. पप्पू उत्तरेकडच्या बलियाचा, कपबशीत बिस्किट बुडवत सगळं ऐकत होता. “भैया, तुम्हारी देवी का इतवार हमारे किस काम का? हमको छठ में जाने दो, बस.”

चिंधाच्या हातातला चहा निवला. पाच वर्षं तो एकच विचार करत होता, कुणाला अडवायचं. त्या दिवसाशी ज्यांना घेणंदेणं नाही असे कोण, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने खोक्याचा पुठ्ठा कापून पाण्याच्या कूलरशेजारी टांगला. वर्षातला जो एक दिवस सोडवत नाही, तो ज्याने त्याने आपल्या नावापुढे लिहायचा. खानदेशवाल्यांनी कानबाई लिहिली, पप्पूच्या लोकांनी दिवाळीनंतरची छठ, शेजारच्या अथालच्या पोरींनी भाताची आवणी, म्हणजे लावणी. चिंधाच्याच गावच्या भिकाने सासरची जत्रा लिहिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खोडून कानबाई घातली. सगळ्यात शेवटी, कुणी बघत नाही असं पाहून, चिंधाने आपलंही नाव घातलं.

मग जोड्या लावल्या. खानदेशातला एक, बाहेरचा एक. रोज अर्धा तास एकमेकांचं मशीन शिकायचं. तीन आठवडे नुसता गोंधळ. धागे तुटत होते, शिव्या तीन भाषांत चालल्या होत्या. पण हात बसत गेला. साहेबांनी एक पूर्ण पाळी उलटसुलट करून पाहिली, मान डोलावली आणि रजा मंजूर केल्या.

कानबाईच्या आधीच्या गुरुवारी ते पुठ्ठ्यासमोर उभे राहिले. “सगळ्यांना जोडीदार आहे. तुमचा कोण? धागा तापवणाऱ्या हीटरचं पॅनल रविवारी कोण सांभाळणार?”

पॅनलला चिंधाने कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. तापमान दोन अंश इकडेतिकडे झालं की माल बिघडतो, म्हणून. आणि खरं सांगायचं तर आपल्यावाचून अडतं, हे त्याला आवडतही होतं. पुरणाला सुनेचा हात लागू द्यायचा नाही आणि मला मेलीला कुठं जाता येत नाही म्हणायचं, तशातली गत.

“मी दोनदा विचारलं होतं, काका,” मागून सोनी म्हणाली. अथालची पोरगी, आयटीआय झालेली. “तुम्ही म्हणालात, नंतर.”

तीन दिवसांत ते काम शिकवून होणारं नव्हतं. चिंधाने पेन मागितलं आणि आपलं नाव खोडलं.

शनिवारी वापी स्टेशनला जाणारी गाडी कारखान्याच्या फाटकाशी लागली. सतरा माणसं पिशव्या घेऊन चढली. चिंधाने देवीसाठी खण आणि नारळ भिकाच्या हाती दिला.

“भाऊ, चढा ना! असेच चला उभ्या उभ्या.”

“जा रे, गाडी सुटेल तुमची,” तो हसला. वळणावर गाडी दिसेनाशी झाली तरी तो फाटकाशीच होता.

रविवारी मशीन चालल्या. नेहमीपेक्षा धागे जास्त तुटले, पण चालल्या. दुपारी आईचा फोन आला. तिने फोन बायकांच्या घोळक्याकडे धरला. गाणी चालू होती, मधूनच मनीषाचा आवाज ओळखू येत होता. चिंधा गोदामाच्या कोपऱ्यात गेला, दुसरा कान तळहाताने दाबून उभा राहिला. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, तेव्हा सोनीने हाक मारली.

“काका, हीटरचा आकडा चढतोय!”

तो धावत पॅनलपाशी आला. हात सवयीने बटणाकडे गेला. तो त्याने मागे घेतला, दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“तू लाव.”

“चुकलं तर?”

“चुकशील. लाव.”

तिने भीतभीत बटण फिरवलं. आकडा थांबला, मग हळूहळू उतरायला लागला.

“श्रावणापर्यंत तुला सगळं यायला पाहिजे,” चिंधा म्हणाला.

सोनी हसली. “काका, श्रावणच तर चालू आहे!”

“पुढच्या,” तो म्हणाला, आणि तिला दुसरा हीटर दाखवायला लागला.