कशेडीच्या चढावर आप्पांची हाक

आधीच सांगून टाकते, अंगात येणं, बाधा होणं, चकवा लागणं यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आमच्या घरी कुणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की आप्पा, म्हणजे माझे वडील, शांतपणे विचारायचे, "तू मोजून बघितलंस काय?" त्यांच्याच हाताखाली मी वाढले. त्यामुळे इथले अनुभव वाचताना गालातल्या गालात हसणाऱ्यांपैकी मी एक होते... आज माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे.

माझा बिरवाडीत एमआयडीसीच्या रस्त्याला गाळा आहे. मुख्य काम ट्रकचे टर्बो दुरुस्त करणं. पण गेली काही वर्षं मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांच्या ताकदवान गाड्यांचे सुपरचार्जरही येतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गोगलगाईच्या शंखासारखं अॅल्युमिनियमचं कवच असतं, त्यात तळहाताएवढा पंखा. इंजिनावरून आलेल्या पट्ट्याने तो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. पूर्ण जोरात असताना मिनिटाला चाळीस-पन्नास हजार फेरे! पंखा आणि कवच यांच्यात जागा किती, तर कागदाच्या एक-दोन घड्यांएवढी. बेरिंग जरा जरी हललं तरी सगळा खेळ खलास.

हे काम मी पुण्यात सात वर्षं केलं, पण हात तयार झाला तो आप्पांच्या लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर. आप्पा तीस वर्षं एका कारखान्यात टर्नर होते आणि नाते या आमच्या गावी, घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा स्वतःचा जुना लेथ होता. मी आठवीत असल्यापासून ते मला त्यावर उभं करायचे. मी घाईने हत्यार आत ढकललं, लोखंड किंचाळायला लागलं, की पाठीमागून आवाज यायचा, "सोड गो, सुजे!" म्हणजे हँडल सोड, हात मागे घे. ओरडून नाही हं. खालच्या पट्टीत, घोगऱ्या आवाजात, पण असं की हात आपोआप सुटायचा.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं. मी पुणं सोडून परत आले ती तेव्हाच. आप्पा आता ठणठणीत आहेत. परसात राबतात, दोन वेळा चहा मागून घेतात, पाटीवर लिहून आईशी भांडतात आणि भांडण जिंकतातसुद्धा, कारण आईला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. फक्त आवाज गेला. एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. त्यांचा आवाज आमच्याकडे कशातच नाही! मोबाइलमध्ये फोटो ढीगभर, पण ते बोलतायत असा एकही व्हिडिओ नाही. घरातलं माणूस रोजच बोलतं... त्याचं कोण शूटिंग करतं?

असो. आता मूळ गोष्ट.

गेल्या वर्षीचा पौष महिना. दासगावचे इम्तियाजभाई त्यांची गाडी घेऊन आले. त्यांचा मुंबईत धंदा आहे, पण सुट्टी मिळाली की दासगावला. गाडी दोन दारांची, आठ सिलेंडरची, सेकंडहँड घेतलेली आणि तिच्यावर आधीच्या मालकाने बसवलेला सुपरचार्जर. तो तेल गाळत होता आणि शिट्टी मारत होता. मी पूर्ण खोलला. पंख्याचं बॅलन्सिंग केलं, सील बदलले, दोन्ही बेरिंग नवीन घातली. बंद डब्यातून काढलेली, माझ्या हाताने बसवलेली.

आता राहिलं ट्यूनिंग. चढावर लोड देऊन, लॅपटॉपवर आकडे बघत हळूहळू पेट्रोल आणि टायमिंग जुळवायचं. त्यासाठी मी कशेडीचा जुना घाट निवडला. बोगदा झाल्यापासून वाहतूक तिकडून जाते, जुना रस्ता मोकळा असतो. (हे कुणी करावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. मीही आता करत नाही.)

पोलादपूरला चहा घेतला आणि साडेअकराच्या सुमारास आम्ही चढाला लागलो. लख्ख ऊन, हवेत गारवा, मन प्रसन्न. इम्तियाजभाई चालवत होते, मी शेजारी. मांडीवर लॅपटॉप आणि कानावर मोठा हेडफोन. इंजिनच्या ब्लॉकला मी एक छोटा माइक बोल्टने आवळते. त्याची वायर आत येते. इंजिन आतून ठोकायला लागलं तर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, तो ऐकायचा. हा आवाज आकड्यांबरोबर लॅपटॉपमध्ये रेकॉर्डही होतो.

पहिले तीन चढ झकास गेले. इम्तियाजभाई लहान मुलासारखे खूश.

"ताई, काय खेचतेय हो! माशाल्ला!"

"समोर बघा," मी म्हटलं. "आता तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबायचं. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

त्यांनी दाबलं. पाठ सीटला चिकटली. मी स्क्रीनवर नजर लावली. हवेचा दाब बरोबर, तापमान बरोबर, ठोकण्याचं नाव नाही. पुढे तीनशे मीटरवर डावीकडचं वळण, त्याच्या कडेला बुटकी भिंत आणि भिंतीपलीकडे दरी. वळणाआधी सोडायला भरपूर वेळ होता.

आणि इंजिनचा आवाज गेला.

गाडी धावतच होती, पाठ सीटलाच चिकटलेली होती. फक्त हेडफोनमध्ये एकदम शांत झालं. दुपारी घरात सगळे झोपलेले असताना असतं तसं. आणि त्या शांततेत, दोन्ही कानांच्या अगदी मधोमध, खालच्या पट्टीत...

"सोड गो, सुजे!"

मी विचार केलाच नाही हो. माझं तोंड आपोआप उघडलं आणि मी किंचाळले, "सोड!"

इम्तियाजभाईंनी पाय उचलला. गाडी मंदावली आणि त्याच क्षणी बॉनेटखालून कर्रर्र असा आवाज आला, दगडावर पातेलं घासावं तसा. त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली.

मग ते म्हणाले, "ताई, एवढ्या दिवसात पहिल्यांदा तुम्ही मला अरेतुरे केलंत."

मी लॅपटॉप मिटून खाली उतरले. वरून उन्हात एक घार फिरत होती, ती मात्र अजून लख्ख आठवते.

टेम्पोवर घालून गाडी बिरवाडीला आणली. त्याच दुपारी मी सुपरचार्जर खोलला. मागच्या बेरिंगची पिंजरी, म्हणजे गोळ्यांना जागेवर धरणारी कडी, दोन ठिकाणी तडकली होती. बेरिंग डुप्लिकेट होतं. डबा हुबेहूब, माल बोगस. त्यामुळे पंखा डगमगून कवचाला टेकायला लागला होता. कवचावर नखाएवढा चकचकीत ओरखडा. अजून काही सेकंद तसंच चालू राहिलं असतं तर पंख्याचे तुकडे झाले असते. ते इंजिनात गेले असते आणि पट्टा तुटून कुठेही गुंतला असता. ऐन वळणावर, त्या बुटक्या भिंतीजवळ.

मी तो पंखा इम्तियाजभाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "तुम्हाला ऐकू आलं कसं? मला तर काहीच कळलं नाही."

मी त्यांना खरं ते सांगितलं. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग घरी जा. आप्पांना भेटा आधी."

पण मी आधी लॅपटॉप उघडला. मोजून बघायची सवय!

मला वाटत होतं ते असं. बेरिंगचा बारीक आवाज कानाने टिपला असेल, मेंदूला धोका कळला असेल आणि त्याने लहानपणीची ती हाक काढून दिली असेल. हे पटण्यासारखं आहे. आजही मला ते निम्मं पटतं. पण रेकॉर्डिंगमध्ये... त्या क्षणी आकड्यांची नोंद सांगते, इंजिनाचे फेरे पाच हजार आठशे, पेडल पूर्ण दाबलेलं. आणि आवाजाच्या पट्टीवर तीन सेकंदांहून थोडं जास्त, काहीच नाही. इंजिन नाही. हाकही नाही. मग माझी किंचाळी अस्पष्ट ऐकू येते आणि पुढे इंजिन परत सुरू. वायर सुटली तर खट्ट होतं, खरखर येते. तसं काही नाही. मी माइक बदलून बघितला, वायर मुद्दाम हलवून बघितली, तीच वायर आजही वापरते. पुन्हा कधी झालं नाही. पुण्यातल्या एका ओळखीच्या साउंड इंजिनिअरला फाइल पाठवली. त्याचं उत्तर आलं, "एडिट केलीस का?"

त्याच संध्याकाळी नात्याला घरी गेले. आई अंगणात कपडे काढत होती. मी विचारलं, "आज साडेअकरा-बाराला आप्पा काय करत होते?"

"काय करतील? वालाच्या शेंगा सोलीत बसलेले. का गो?"

"मधेच उठले? घाबरले? काही झालं?"

"काय नाय झालं. दोनदा चहा झाला," आई म्हणाली. "तुझा चेहरा असा का झालाय? जेवलीस काय?"

म्हणजे ते झोपेतून दचकले, हात वर केला, असलं काहीच नाही. शेंगा सोलत होते!

मी लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन आप्पांच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी पाटीवर लिहिलं, "बेरिंग कुठून घेतलं?" सांगितलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे तिथे परत जाऊ नकोस. मग हेडफोनकडे बोट दाखवलं.

"आप्पा, त्यात काही नाहीये. मी पंचवीस वेळा ऐकलंय."

त्यांनी हात पुढेच धरला. मी हेडफोन त्यांच्या कानावर चढवला आणि चढाचं रेकॉर्डिंग लावलं. इंजिनच्या आवाजाला ते जाणत्या माणसासारखे मान डोलवत होते. स्क्रीनवर रेघ सपाट झाली आणि त्यांची मान थांबली. डोळे मिटले. ओठ जरा हलले.

मग त्यांनी बोट वर केलं. परत.

मी परत लावलं. परत. परत. सात-आठ वेळा. प्रत्येक वेळी त्या सपाट तीन सेकंदांतच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी यायचं. गावच्या जुन्या मित्राची खूप वर्षांनी गाठ पडावी, तसं. आई कपड्यांचा ढीग हातात घेऊन दारातच उभी राहिली होती.

शेवटी त्यांनी हेडफोन काढला, पाटी पुसली आणि लिहिलं:

"आवाज बरा होता की माझा."

आईला मी वाचून दाखवलं. ती कपडे तिथेच टाकून हेडफोन लावून बसली. तिला काही ऐकू आलं नाही. मी पुन्हा लावला, मलाही नाही. फक्त शांतता. आप्पा आमच्याकडे बघून हसत होते, आवाजाशिवाय, खांदे हलवत.

इम्तियाजभाईंची गाडी चांगल्या बेरिंगवर आज मस्त चालते. त्या तीन सेकंदांत काय होतं, आप्पांनी काय ऐकलं, हे मला मोजता आलेलं नाही. आप्पांना विचारलं तर ते पाटी उलटी करून ठेवतात. इथे कुणी जाणकार असेल तर जरूर सांगा, मी मोकळ्या मनाने ऐकेन. पण खरं सांगू? मला घाई नाही. रविवारी दुपारी जेवणं झाली की आप्पा लॅपटॉपकडे बोट दाखवतात, मी ती फाइल लावून देते आणि आई आणि मी शेजारी बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहतो.