उरलेली नऊ नावं

निवेदिका तुर्किया आमच्या गावच्या नभोवाणीवर रोज सकाळी सातला 'आजच्या दिवशी' वाचायची. यादी राजधानीतून, ट्यूनिसहून यायची. कुठला तह, कुठल्या राजाचा राज्याभिषेक, कसला तरी शोध. मी काचेपलीकडे आवाजाची बटणं सांभाळायचो. बारा वर्षं तिनं त्या यादीतला शब्द इकडचा तिकडे केला नाही. मास्तरांची मुलगी, लग्न केलं नाही, जीभ तिखट. गाव तिच्या आवाजावर घड्याळ लावायचं.

आमचं गाव फॉस्फेटच्या खाणीवर जगतं. एकाहत्तर साली, नऊ मार्चला, खाणीचं छत कोसळून चौदा माणसं गाडली गेली. खाणीच्या साहेबांनी चौकशी गुंडाळली आणि गावानं तोंड शिवून घेतलं.

एक्क्याऐंशीच्या नऊ मार्चला यादीत कुण्या इटालियन खलाशाचा जन्म होता. तुर्कियानं तो वाचला, कागद पालथा घातला आणि त्याच सुरात म्हणाली, "आजच्या दिवशी, दहा वर्षांपूर्वी, आपल्या खाणीत चौदा माणसं मेली. त्यांची नावं अशी."

केंद्रप्रमुख सी लझहर ('सी' म्हणजे आमच्याकडे साहेब) धावत माझ्याकडे आले. "मोंजी, बंद कर."

पाचव्या नावावर मी बटण दाबलं. माझ्याच हातानं.

"तुझं कोण मेलं होतं गं त्यात?" सी लझहर तिच्यावर ओरडले.

"कुणी नाही. ज्यांची मेली त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. माझ्या फुटतो."

ती उठली ती थेट चौकातल्या पावाच्या भट्टीवर. तिथे बायकांची रांग होती. पायरीवर उभं राहून तिनं उरलेली नऊ नावं वाचली. त्यातल्या सातव्या नावाला रांगेतली एक म्हातारी मटकन खाली बसली. तो तिचा मुलगा होता.

खाणीचा पहारेकरी आला. "बाई, घरी जा. कशाला विस्तवात हात घालता?"

"पावासाठी उभी आहे. रांगेत बोलायला बंदी आहे का?"

नोकरी त्याच दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी सातला ती पुन्हा भट्टीवर हजर. आता बायकाच तारखा आणू लागल्या. "माझ्या सासूनं आजच्या दिवशी रुळांवर झोपून मालगाडी अडवली होती, तेही वाच गं." ती वहीत लिहून घ्यायची आणि वाचायची.

पोलिसांनी बोलावलं. अधिकारी म्हणाला, "यापुढे वाचणार नाही, असं लिहून द्या."

"देते. पण खाली तारीख घालावी लागेल. पुढच्या वर्षी त्या तारखेला हेही वाचीन."

चार दिवस तिला कोठडीत ठेवलं. पाचव्या दिवशी सकाळी ती मळक्या कपड्यांनिशीच पायरीवर उभी राहिली.

मी भट्टीवर गेलो तेव्हा मान वर होईना. "ताई, बटण मी दाबलं."

"दाबलंस खरं," ती म्हणाली. "आता रांगेत उभा राहा, पुढे घुसू नकोस." यापलीकडे ती मला कधी काही बोलली नाही. माफही केलं नाही. मी मात्र रोज जायला लागलो.

सहा वर्षांनी गावकऱ्यांनी कबरस्तानात स्वतःच दगड उभा केला, चौदा नावांचा. खाणीकडून पत्र आलं, की दगड बेकायदेशीर आहे, काढून घ्या. तुर्कियानं ते भट्टीवर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "कोण काढतो?"

कुणीही हललं नाही. दगड आजही तिथेच आहे.