ती आत होती की नाही

चौथी नापास माणसाला सिनेमा कळत नाही असं माझ्या नातीला वाटतं. सॉल्ट लेकच्या थिएटरात तिनं मला नेलं तेही मैत्रीण ऐनवेळी आली नाही म्हणून.

सिनेमा एका नवरा-बायकोचा. झोपेत त्यांची कातडी एकमेकांना चिकटायला लागते. आधी हात, मग दंड, मग गाल. बघवत नाही असलं दाखवलंय. पुढची दोन पोरं तोंड दाबून बाहेर पळाली.

"चला आजोबा, हे तुमच्यासाठी नाही आहे."

"तुला भ्या वाटत असेल तर तू जा."

"मला कशाला? तुम्ही चक्कर येऊन पडलात तर बाबा मला मारतील."

"मी पडत नसतो."

मी उठणार नव्हतोच. पडद्यावरची बाई आता दिसेनाशी झाली होती. तोंड पुरुषाचं हलायचं, आवाज तिचा यायचा. ती आत शिल्लक राहते की नाही, एवढंच मला बघायचं होतं. आमची ही गेल्यापासून भाजीवाल्याशी घासाघीस करताना माझा हात तिच्यासारखा कमरेवर जातो. आधी कधी जात नव्हता.

शेवटी एक नवाच चेहरा उरला. ना बाईचा, ना पुरुषाचा.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "ती आत होती."

"दोघं पण नव्हते, आजोबा. तिसरंच कोणी झालं. तेच तर दाखवलंय."

"मला शिकवू नको. सोनं गाळण्यात जन्म गेला माझा. चांदी तेजाबात टाकली की विरघळते, डोळ्याला दिसत नाही. तांब्याची पट्टी सोडली की परत खाली बसते. मग मधल्या वेळात गेली होती कुठं?"

"माणूस काय चांदी आहे?"

"चांदीपेक्षा हलका आहे का?"

ती हसली, मला मेट्रोपर्यंत सोडलं आणि रिक्षा पकडून तिच्या घरी गेली.

डमडमला येऊन कुलूप काढलं. उंबऱ्यातच थांबलो आणि ही म्हणायची तसं मोठ्यानं म्हणून बघितलं, "आलात? आधी पाय धुवा." शब्द बरोबर आले, हेलही आमच्या विट्याकडचाच. आवाज मात्र माझा, घोगरा. परत म्हटलं, जरा बारीक काढून. तोही माझाच.

शेजारच्या बंगाली बाईंनी दार किलकिलं केलं. कोणी आलंय का, त्यांनी विचारलं.

"आलंय," मी म्हणालो. दार लावलं आणि पाय धुवायला गेलो.