मालकांगणी आणि नवरीची गादी

चुलीवर भाजी करपली तरी चालेल, पण नवऱ्याच्या डोक्याला मालकांगणीचं तेल लावायचं चुकता कामा नये, असा पांढरकवड्याच्या हुस्नाबीचा खाक्या. नवरा अब्दुल गनी, जन्माचा पिंजारी. कापसाचा धंदा बसला त्या वर्षांत गिऱ्हाईक आटलं, आणि त्याच सुमारास त्याची आठवणही आटत गेली. घरच्यांची नावंसुद्धा लक्षात राहिली नाहीत. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच. शिवाय मोरीच्या ओलीवर हुस्नाबीनं ब्राह्मी लावली आणि रानातला झाडपाला विकणाऱ्या लालीबाईकडून तेलासाठी मालकांगणीच्या बिया आणल्या.

"डोकं थंड राहीन, झोप लागन," लालीबाई म्हणाली. "पन गेलेलं सारं परत येते असं मी नाही म्हनत, बाई."

"तू नको म्हनू. मले म्हनू दे."

घाई होती नातीच्या, तमन्नाच्या लग्नाची. मुलीच्या लग्नातल्या गादीचा कापूस घरातल्या थोरल्यानं स्वतः हातानं पिंजायचा, ही या घरची रीत. मशीनचा कापूस नवरीला नाही म्हणजे नाही. इथे थोरलाच खुंटीवरच्या धनुष्यासारख्या पिंजणाकडे बोट दाखवून "हे काय हाय?" विचारत होता. आजोबांच्या हातच्या गादीवाचून नात सासरी जाणार, या विचारानं हुस्नाबीचा जीव तुटायचा.

एका सकाळी तिनं अंगणात चादरीवर गादीसाठी आणलेला कापूस पसरला आणि जागा वाया कशाला घालवा म्हणून त्याच चादरीच्या कोपऱ्यावर बिया वाळत घातल्या. एवढी शहाणी बाई, पण पिंजाऱ्याच्या घरात कापसाजवळ बी ठेवते! कोंबड्या नाचून गेल्या आणि सगळं एक झालं.

"पिंजायच्या कापसात सरकी? कोनं टाकली?" अब्दुल गनी लालबुंद झाला होता. एकेक बी वेचून भिंतीपलीकडे भिरकावत होता.

"अजी, दवा हाय थे तुमची!"

"कायची दवा? कापूस नासते ना!"

सगळं औषध उकिरड्यावर गेलं. हुस्नाबी कपाळाला हात लावून बसली, तोच अब्दुल गनीनं खुंटीवरचं पिंजण खाली घेतलं आणि त्याची ताणलेली तात कापसावर वाजू लागली. ती रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. दुपारपर्यंत तिच्या केसांत कापूस, चहात कापूस. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

गादी भरून, शिवून झाली. घाम पुसत अब्दुल गनीनं विचारलं, "नवरी कोनाची हाय?"

तमन्ना पुढे झाली. "तुमचीच नात हाय मी, दादा."

"माही?" तो तिच्याकडे पाहतच राहिला. मग हुस्नाबीवर डाफरला, "मंग आधी नाही सांगाचं? गिऱ्हाइकाच्या मापानं भरली ना मी! उसव थे टाके. आन अजून कापूस!"