खामच्या भिंतीवरचा मासा लाल झाला तेव्हा

महिन्यापूर्वी एका रविवारी दुपारी आमचा मासा अचानक लाल झाला...

मासा म्हणजे खाम नदीकाठच्या भिंतीवर रंगवलेला. ही जागा आधी कचरा फेकायची होती. वस्तीतली माणसं आणि आम्ही काही जणांनी ती साफ केली, भिंत रंगवली. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, म्हणून माशाच्या पोटात दिवे बसवायचं काम माझ्याकडे आलं.

पुलाखाली पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर लावला. एरवी मासा हिरवा, पाणी वाढलं की पिवळा, धोका असला की लाल आणि सोबत भोंगा. लोक मात्र तिथे सेल्फी काढायला यायचे.

त्या दुपारी कांतामावशींचा फोन आला. भिंतीलगतचं पहिलं घर त्यांचं. मागे एकदा पाणी घरात शिरलं तेव्हा त्यांचे सासरे खाटेवर अडकले होते. त्यांना चालता येत नाही. "मॅडम, लाल झालाय. आम्ही निघालो," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी स्कूटीवर पोचले तर वस्ती रिकामी. सगळे वरच्या अंगाला, विहारात. मावशींच्या सासऱ्यांना, म्हणजे आजोबांना, खाटेसकट उचलून नेलं होतं. इथं पाऊस नव्हता, पण वर नदीच्या उगमाकडे कुठंतरी झाला असेल असं सगळे धरून चालले होते.

पुलापाशी जाऊन पाहिलं. पाणी होतं तिथंच होतं. सेन्सरच्या तोंडासमोर थर्माकोलचा तुकडा अडकला होता... सेन्सरला तेच वर आलेलं पाणी वाटलं.

आता हे सांगायचं कसं? उद्या खरंच पूर आला आणि कुणी उठलंच नाही तर?

पण सांगितलं. काही जण हसले. एकाची भाजी गॅसवर करपली होती, तो चिडला.

मग कांतामावशी म्हणाल्या, "मागल्या बारीला मी दारं वाजवत फिरले, कुणी उघडलं नाय. आज समदे आपसूक निघाले. खोटं तर खोटं... तुम्ही ते नीट करा."

बायका घराकडे वळल्या. आजोबांची खाट उचलायला चौघे आले, तर ते जाईनात. विहाराच्या ओट्यावरून रंगवलेली भिंत आणि नदी दोन्ही दिसत होती. त्यांनी भिंतीबद्दल फक्त ऐकलं होतं.

"आलोच हाय तर बसू द्या की. लई दिसांनी नदी बघायलो."

ते संध्याकाळपर्यंत बसले. ते चौघेही बसले.

सेन्सरभोवती मी आता जाळी लावली आहे. आणि त्यानंतर दर रविवारी आजोबांची खाट ओट्यावर येते. उचलायला माणसं लागतात... ती बोलवावी लागत नाहीत.