डब्यातले सुटे षटकोन

वाकळीचे षटकोन शिवायला मशीन लागत नाही. जाड कागद, जुनं सुती कापड, सुई आणि एका जागी बसायची तयारी एवढं पुरतं. कागद मी मुलीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांतून कापले. तो कागद घडीला ताठ राहतो. गणपतीच्या चित्राला कात्री लावायची नाही, ही सासूबाईंची अट.

मुलगी वास्कोला, सासरी. तिला पुन्हा दिवस गेले होते. पहिलं मूल पोटातच गेलं, म्हणून या खेपेला डॉक्टरांनी आमच्याकडे कोरगावला यायचा प्रवास बंद केला होता. त्या वेळी मी आधीच शिवलेली दुपटी कपाटाच्या वरच्या खणात होती. त्यांच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

सासूबाईंनी हातातली सुई पाहिली.

"कितें गो तें?"

"तुकडे."

"कसले तुकडे? भुरगें हातांत येवंदी, मागीर शिंव."

"आई, बाळ हातात येईपर्यंत शिवायचं नाही, पण जोडल्याशिवाय वाकळ होत नाही. हे नुसते तुकडे."

त्यांनी एक तुकडा उलटून पाहिला. "जोडूं नाका मगो."

मग विटकी पातळं त्यांनीच काढून दिली. "हें मोव आसा," म्हणत एकेक कापड गालाला लावून पाहिलं.

कापड कागदापेक्षा सगळ्या बाजूंनी अर्धं बोट मोठं कापायचं, कड आत दुमडून कच्चा दोरा घालायचा. दोरा भडक रंगाचा घ्यावा, उसवताना दिसतो. कोपऱ्यावर घाई केली की जोडताना भोक राहतं. दुपारची भांडी झाली की मी बसायची. षटकोन पापडाच्या डब्यात साठत गेले. बाळाचा विषय आम्ही दोघी काढत नव्हतो.

एका सकाळी जावयाचा फोन आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. सासूबाईंनी देवाकडे दिवा लावला आणि डबा माझ्यापुढे आणून आदळला.

"आतां जोड."

दोन षटकोनांच्या सुलट्या बाजू समोरासमोर धरायच्या आणि कडेचे दोन-तीन धागेच उचलायचे. सुई कागदात गेली तर तो सुटत नाही. सगळ्या बाजू जोडल्या की मगच कागद काढायचा. बारीक टाका सासूबाईंना दिसत नाही, म्हणून कागद काढायचं काम त्यांनी घेतलं.

"आई, थांबा. अजून एक बाजू राहिली."

"बेगीन कर मगो. तें भुरगें लग्नाचें जातलें!"

वरचा थर झाला. आत घालायला काय घ्यावं, म्हणून मी जुन्या चादरी चाळत होते. सासूबाईंनी कपाटाकडे बोट केलं. "वयलीं दुपटीं काड."

मी हातातली चादर खाली ठेवली. "ती?"

"तींय मोवच आसात."

मी स्टूल घेतलं, दुपटी खाली काढली, धुतली. ऊन कडक होतं, दुपारपर्यंत वाळली.