साडी कोण देतं?

संक्रांत आठवड्यावर आलेली. इंदिरानगरच्या त्या गल्लीत आठ वाजले तरी धुकं उभ्या गाड्यांच्या टपावर बसून होतं. पद्मक्का व्हरांड्यात शाल गुंडाळून भिजवलेले अवरेकाळू, म्हणजे आपले पावटे, सोलत होत्या. दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा, की आतली डाळ टुणकन पातेल्यात.

घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. घरात मराठी, पण कन्नडात चांगली मुरलेली. धंदा म्हणाल तर लग्नं जुळवणं. इथल्या मराठी घरांतली निम्मी लग्नं आपण जमवली, असं त्या सांगतात. उरलेली निम्मी त्यामुळंच धड चालत नाहीत, असंही सांगतात.

मुलगी श्रीविद्या मेलबर्नला फिजिओथेरपिस्ट. तीन वर्षांनी परत येऊन इथं स्वतःचं क्लिनिक काढायचं तिनं ठरवलेलं. तोवर आपली सगळी बचत कुठं ठेवावी, हे सांगणारा भरवशाचा सल्लागार तिला बंगळुरात हवा होता.

"अम्मा, आकडे मी इथून बघीन. माणूस तू बघ," ती म्हणाली होती. "पैसे अडकले तर माझं येणंही अडकलं."

लेकीचं येणं अडकणार म्हटल्यावर पद्मक्कांनी रीतसर बघण्याचा कार्यक्रमच लावला.

काल पहिली सल्लागार, निधी, येऊन गेली. मूळची नागपूरची, राहायला एचएसआर लेआउटला. खुर्चीत टेकली नाही तोच म्हणाली, "काकू, मी पहिलेच सांगून देते. माझी वर्षाची फी असते. तुमचा फायदा होवो का न होवो."

पद्मक्कांचा कॉफीचा हात थांबला. घोटभर प्यायच्या आधी पैशाची गोष्ट! "इथं अक्का म्हणायचं," त्या तुटकपणे म्हणाल्या.

"बरं, अक्का. फी तेवढीच राहील."

आज गिरीराजची पाळी. तो आला तो उंबऱ्यातच पाया पडला. त्याच्या मामेबहिणीचं लग्न पद्मक्कांनीच जुळवलेलं. उप्पिट्टू दोनदा मागून घेतलं. फीचं विचारलं तर कानाला हात लावला. "अय्यो अक्का, तुमच्याकडून फी? मी काय परका?"

पद्मक्का विरघळल्या. फोन पातेल्याला टेकवून त्यांनी श्रीविद्याला व्हिडिओवर घेतलं. "बघ गं, आपला माणूस!"

गिरीराजनं वीस वर्षांची एक विमा योजना पुढं केली. "मुदत स्वल्प लांब आहे, पण योजना किती शांत! कसली दगदग नाही, काही नाही."

"पण मला तीन वर्षांनी पैसे लागणार," श्रीविद्या म्हणाली.

"ते बघता येईल हो. आधी तिचे गुण तर बघा!"

हा सूर पद्मक्कांच्या चांगला ओळखीचा होता. मुलगा स्वल्प बुटका आहे, पण स्वभाव किती शांत! मुलीकडून त्या छदाम घेत नसत. लग्न ठरलं की साडी यायची ती मुलाकडून. आणि साडी भारी असली की बुटका मुलगा बोलता बोलता दोन इंच वाढायचा.

"गिरीराजण्णा," त्यांनी हातातला दाणा खाली ठेवला, "मला साडी मुलाकडचे देतात. तुम्हाला कोण देतं?"

गिरीराज जरा गडबडला, मग मोकळेपणानं हसला. "कंपनी देते, अक्का. आमचं कमिशन तिकडूनच."

"वीस वर्षांच्या योजनेवर कसली साडी?"

"म्हैसूर सिल्क."

"आणि तीन वर्षांच्या?"

"टॉवेल."

तिकडं श्रीविद्या हसून हसून फोनच्या बाहेर गेली. पद्मक्कांनी गिरीराजला डबाभर पावटे देऊन प्रेमानं वाटेला लावलं. "पोरगा गुणी आहे," त्या लेकीला म्हणाल्या, "पण मुलाकडचा आहे."

मग श्रीविद्यानं निधीला कॉलमध्येच घेतलं. पद्मक्कांनी साडीची सगळी रीत समजावून तोच प्रश्न टाकला.

"तुमच्या मुलीची फी, बस," निधी म्हणाली. "कंपनीकडून घेतलं तर माझी नोंदणीच जाईल. सेबीचा नंबर पाठवून राहिली मी, ताई, त्यांच्या साइटवर नाव तपासून घ्या. अन् गुंतवायचे पैसे माझ्या हाती द्यायचेच नाहीत. तुमच्याच नावानं राहतील. तीन वर्षांत लागणार म्हणता, तर फार उड्या मारायच्या नाहीत."

साइट उघडून बघत श्रीविद्या म्हणाली, "आहे, अम्मा. नाव, नंबर सगळं जुळतंय. सरी, ठरलं, हीच."

"म्हणजे येतेस?"

"येते गं."

पद्मक्कांचा चेहरा असा फुलला की पलीकडं निधीलाही हसू आलं. "निधी, तू पण आमची झालीस आता. तुझ्यासाठी मी मुलगा बघते. तुझ्याकडून एक पैसा घेणार नाही."

"नको, अक्का! साडी कुठून येते ते कळलं नं आता मला!"

तिघी हसत असतानाच शेजारच्या गच्चीवरून हाक आली, "अक्का, मोटार!" वरची टाकी भरून पाणी भिंतीवरून सांडत होतं. "अय्यो!" म्हणत पद्मक्का पदर खोचून बटण बंद करायला धावल्या.